अंदमानवाली

अकरा वर्षांनी नंदाबाई सासरी परत आली. वाटूर फाट्यावर एसटीतून उतरून ती बैलगाडीत बसली न बसली, तोच तिच्या थोरल्या जावेनं, पुष्पाबाईनं, विचारलं, "नंदे, ते लोक माणसाला भाजून खातेत का कच्चंच?"

"नारळ खातेत, अक्का," नंदाबाई म्हणाली. "आन् मासे. आन् डुकरं पाळतेत."

पुष्पाबाईला ते काही पटलं नाही. बिचारी घाबरून खरं सांगत नसेल, असं तिला वाटलं, आणि गावात पोचेपर्यंत तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

नंदाबाईचा नवरा साहेबराव फौजेतून रिटायर झाला, त्या सुमारास सरकार माजी सैनिकांना थेट निकोबारच्या टोकाला जमिनी देत होतं. अकरा एकर जंगल, तोडायचं आणि कसायचं. साहेबरावानं अर्ज केला आणि चौऱ्याहत्तर साली नवरा-बायको जहाजात बसले. वर्षभरानं तिथंच सिंधू झाली. पुढं तापानं साहेबरावाला पार पोखरलं, इकडं सासरेही वारले. मग तिथली वाडी शेजारच्या सरदारजीला कसायला देऊन ते पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावी आले. गावानं नंदाबाईला नाव ठेवलं अंदमानवाली. निकोबार वेगळं, हे सांगून सांगून ती थकली.

गावाजवळ बेटाची दोनच चित्रं होती. एक किराणा दुकानातल्या कॅलेंडरवरचं: सोनेरी वाळू, निळं पाणी, वाकलेलं एक नारळाचं झाड आणि केसात फुलं माळलेली बाई. दुसरं गोष्टीतलं: पानं गुंडाळलेले काळे लोक, मोठी कढई आणि कढईत एक गोरा साहेब. नंदाबाई तिसरंच काहीतरी सांगायची. आठ-आठ महिने पाऊस, दोरीवरच कुजणारी लुगडी, अंगाची चाळण करणारी वाळूतली बारीक चिलटं, रेशनचं जहाज लांबलं की दोन-दोन महिने कांद्याचं दर्शन नाही. ऐकणारे थोडा वेळ हं हं करायचे आणि मग विचारायचे, "पर त्या जंगली लोकांचं सांगा ना."

सिंधूची तर आणखीच पंचाईत. तिथली शाळा हिंदी, शेजारी पंजाबी आणि तमिळ, त्यामुळं पोरीच्या तोंडात मराठी कमी आणि हिंदी जास्त. पाचवीत बसवली, तर पहिल्याच आठवड्यात पोरं तिला जंगली म्हणायला लागली. मधल्या सुट्टीत ती एकटीच निंबाखाली डबा खायची. घरी मात्र काही बोलायची नाही.

जानेवारीत शाळेचं संमेलन होतं. चित्रकलेचे जगन्नाथ सर रोज जालन्याहून येऊन-जाऊन करायचे. त्यांनीच नाटक लिहिलं होतं. खलाशी वादळात सापडतो, बेटावर लागतो, नरभक्षक त्याला खांबाला बांधतात, शेवटी खलाशी सगळ्यांना हरवून राजा होतो. माणूस हौशी आणि सरळ. एका दुपारी ते वही घेऊन नंदाबाईच्या ओसरीवर आले.

"वहिनी, तुम्ही प्रत्यक्ष राहिलात तिथं. मला जरा अस्सल माहिती हवी. ते लोक काय नेसतात? झाडपाला?"

"लुंगी नेसतेत, सर. बाया पोलकं घालतेत. रविवारी चर्चमंदी जातेत तर बिलकुल इस्त्रीचे कपडे."

सरांनी लिहून घेतलं. "बरं, त्यांची युद्धाची आरोळी कशी असते?"

"युद्ध कोणाशी करतेल ते? होड्यांची शर्यत लावतेत, तवा वरडतेत." नंदाबाईनं आठवून पाहिलं. "रेडिओ लई ऐकतेत. आमच्याकडं सेल मागाया यायचे."

सरांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यांनी वही मिटली. "वहिनी, हे तर आपल्यासारखंच झालं की! मी लहानपणापासून बेटांच्या गोष्टी वाचतोय. समुद्र काही अजून पाहिला नाही, पण वाचलंय पुष्कळ." चहा पिऊन उठता उठता ते म्हणाले, "तुमच्या सिंधूला घेतो नाटकात. तिथं जन्मलेली पोरगी, टोळीचा सरदार बरोबर वठवेल."

नंदाबाईच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. पण आत सिंधू उड्या मारत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला निवडलं होतं. नंदाबाई 'बरं' म्हणाली.

मग घरात रोज हू-हू सुरू झालं. संमेलनाला चार दिवस राहिले असताना सिंधू तोंडाला काजळी फासून, केसात मोराचं पीस खोवून तालमीतून आली. चुलीपुढं उभी राहून तिनं विचारलं, "आई, मार्था मावशी भी ऐसा करती थी क्या?"

नंदाबाईची भाकर तव्यावरच राहिली आणि करपली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. सर पडदा रंगवत होते. पडदा मात्र देखणा होता. सोनेरी वाळू, माड, मावळता सूर्य. नंदाबाई क्षणभर बघतच राहिली.

"लई सुरेख काढलंय, सर. तिथं असताना मिळालं असतं, तर मी घरात लावलं असतं."

सर खूष झाले. "या ना, बसा."

"बसत न्हाई. एक सांगायचंय." तिनं पदर नीट केला. "तुम्ही लिहिलं तसंच मलाही वाटायचं. माझ्या मायनं तर रडून आकांत केला व्हता, लेक खाल्ली जाईल म्हणून. मी जाताना विळा घेऊन गेल्ते. वरीसभर उशाखाली ठेवून झोपले. सिंधूच्या वेळंला ऑगस्टचा पाऊस, दरड पडून रस्ता बंद, आन् हिचे वडील बंदरावर रेशन आणाया गेल्ते. दवाखाना सात किलोमीटर. मी एकटी कळा देऊन राह्यले, तेवढ्यात दारात एक निकोबारी बाई. नवऱ्यासंगं नारळ द्यायला आली व्हती, पावसाला आडोसा पाहत व्हती. मी पडल्या पडल्या विळा उगारला."

"मग?" सरांच्या हातात ब्रश तसाच होता.

"ती म्हणाली, डरो मत. माझ्या हातातून विळा घेतला, पाणी ठेवलं, त्याच्यात खळखळून उकळला. आन् त्यानंच सिंधूची नाळ कापली. तीन दिवस राहिली माझ्यापाशी. ती मार्था. काल पोरीनं विचारलं, मावशी अशीच वरडायची का म्हणून. मंग मी काय सांगू?"

सरांनी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, पत्रिका वाटून झाल्या. पोरांचं पाठांतर झालंय. आता बदलणं होणार नाही. सिंधूला काढू का?"

नंदाबाईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. मैदानात सिंधू चार पोरींना भाला कसा धरायचा ते शिकवत होती, आणि पोरी ऐकत होत्या.

"नका काढू," ती म्हणाली आणि घरी आली. आपण बरोबर केलं की चूक, हे तिला रात्रभर ठरवता आलं नाही.

संमेलनाला दिवस मावळायच्या आतच मैदान भरलं. पुढं सरपंच, हेडमास्तर, मागं सगळं गाव. खलाशी झाला होता सातवीतला धर्मराज. टोळीनं त्याला पकडून खांबाला बांधलं, ढोल वाजले. सिंधू भाला घेऊन आली आणि तिनं अशी आरोळी ठोकली की पुढची लहान लेकरं आईच्या कुशीत शिरली. पुष्पाबाईनं नंदाबाईचा दंड घट्ट धरला.

आता सिंधूनं म्हणायचं होतं, "याला भाजा!" पण टोळीतल्या कुणीतरी उत्साहाच्या भरात धर्मराजला दोरानं खरंच करकचून आवळलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. सिंधूनं भाला उगारला, त्याच्याकडं बघितलं आणि भाला खाली ठेवला.

"रस्सी तंग है क्या?" ती म्हणाली. "रुको, रोओ मत."

तिनं दोर सोडला. विंगेत सरांसाठी पाण्याचा तांब्या ठेवलेला होता, तो आणून धर्मराजच्या तोंडाला लावला. पोरगं घटाघटा प्यालं. एकदम सगळं मैदान खदाखदा हसायला लागलं. टाळ्या, शिट्ट्या. कोणी ओरडलं, "पाव्हण्याला आता जेवाया बी वाढा!" पडदा ओढता ओढता सरांची धावपळ झाली. राज्याभिषेक राहूनच गेला.

हेडमास्तर सरांवर चिडले. सिंधू रडत आईपाशी आली. "आई, मैं भूल गयी. मुझसे नाटक बिगड़ गया."

"त्याला दोर लागत व्हता ना?" नंदाबाईनं पदरानं तिच्या तोंडाची काजळी पुसली. "मंग झालं तर."

घरी जाताना पुष्पाबाई नंदाबाईच्या बरोबरीनं चालायला लागली. मग म्हणाली, "तिथले लोक असेच हायेत का गं, पाणी देणारे?"

"काही हायेत, काही न्हाईत. मार्थाची सासू लई खाष्ट व्हती. सुनेला उपाशी ठेवायची."

"आता पटलं बघ मला," पुष्पाबाई म्हणाली.

पुढच्या रविवारी जगन्नाथ सर सुट्टी असूनही आले. सिंधूला ते रागावले नाहीत. त्यांनी पावसाचं विचारलं, जहाजाचं विचारलं, दोन तास बसून ऐकलं. याचं नाटक होणार नाही, हेही मोकळेपणानं सांगितलं. जाताना खिशातून आंतरदेशीय पत्र काढून सिंधूला दिलं. "मार्था मावशीला लिही. तुला हिंदी येतं, माझ्यापेक्षा चांगलं येतं."

सिंधूनं लिहिलं. उत्तर यायला साडेतीन महिने लागले. मार्थाच्या लेकानं लिहिलं होतं, पण बोलणं मार्थाचं होतं. सिंधूनं ओसरीवर वाचून दाखवलं. तुमच्या मुलखात नुसती वाळू आहे आणि तुम्ही उंटावर बसून पाण्याला जाता, असं इथं एकानं सांगितलं. समुद्र नाही तर लेकरं पोहायची कुठं? मासे नाहीत तर पोट कशानं भरतं? नंदाला म्हणावं, त्रास होत असेल तर निघून ये. घर बांधून देऊ.

साहेबराव हसता हसता खोकला. पुष्पाबाईला राग आला. "उंट? आपल्याकडं? कोण सांगतंय हे असलं!"

"हसू नका," नंदाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, तरी आवाज साधा होता. "सिंधू, लिही. उंट न्हाईत. विहीर हाये, पर औंदा आटली. टँकर येतो एक दिवसाआड. ज्वारी हाये, कापूस हाये. लेकरं पावसाळ्यात वढ्याला पवतेत."

"टँकरला काय लिहू?"

"टँकरच लिही. कळंल तिला."

पत्र चिकटवून झालं. वाटूरच्या पेटीत टाकायला सकाळच्या गाडीनं नंदाबाई स्वतःच गेली.