यादीचा जटापाठ

मैत्रेयीने संगणकाचं रंगीत दिव्यांचं कॅबिनेट काउंटरवरून मोहनकडे परत सरकवलं.

"भैया, सादावाला दीजिए. रोशनी का पैसा रॅम में लगाना है."

दुकानदार मोहन हसला. काशीच्या सिगरा भागातल्या त्याच्या दुकानाचे तिने महिनाभर उंबरठे झिजवले होते. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला तिला दुसऱ्यांच्या स्टुडिओत जावं लागे, मशीन रिकामं होईपर्यंत ताटकळावं लागे. आता दीड वर्षाच्या बचतीतून स्वतःचं मशीन व्हायचं होतं. ग्राफिक्स कार्ड बेताचं, डिस्क लहान पण चपळ, रॅम मात्र भरपूर, असं तिने काटकसरीने जुळवलं होतं. फक्त भिंतीवरची पाटी ती पुन्हा पुन्हा वाचत होती : उघडलेला माल परत घेतला जाणार नाही.

सोबत आलेले अण्णा, तिचे वडील वेणीमाधवशास्त्री, खोकी उचलायला आले होते. उभा जन्म ब्रह्माघाटावर मुलांना वेद शिकवण्यात गेलेला; संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण महिनाभर घरात दुसरा विषयच नसल्याने यादी तोंडपाठ झाली होती.

मोहनने खोकी मांडली आणि ब्लेड उचललं.

"रुकिए, पहले मिला लें," अण्णा म्हणाले, आणि एकेका खोक्यावर बोट ठेवत सुरात सुरू झाले, "प्रोसेसर-बोर्ड. बोर्ड-रॅम. रॅम-कार्ड..."

शब्द जोडीने म्हटले की एकही निसटत नाही, ही त्यांची पाठशाळेतली रीत. मैत्रेयीला हसू फुटलं. तिला अण्णांचं इतकं कौतुक वाटलं की नकळत तिने त्यापुढची अवघड रीत, जटापाठाची, धरली : प्रत्येक जोडी सुलटी, उलटी, पुन्हा सुलटी.

"प्रोसेसर-बोर्ड, बोर्ड-प्रोसेसर, प्रोसेसर-बोर्ड. बोर्ड-रॅम, रॅम-बोर्ड..."

ती थबकली. रॅमच्या खोक्यावर डीडीआर पाच होतं, बोर्डच्या खोक्यावर डीडीआर चार.

"भैया, ये बोर्ड तो पुरानी रॅमवाला है!"

मोहनने खोकं फिरवून पाहिलं आणि जीभ चावली.

"अरे दीदी, दोनों डिब्बे एक जैसे हैं. अभी बदल देता हूँ."

तो माळ्यावर चढला. मैत्रेयीचा जीव भांड्यात पडला. तिने हसत अण्णांकडे पाहिलं, तर ते तिच्याकडे टक लावून बघत होते. मग तिच्या लक्षात आलं. हा पाठ त्यांनी तिला कधी शिकवला नव्हता. घरातच भरणाऱ्या त्यांच्या पाठशाळेत मुली बसत नसत. शेजारच्या खोलीत अभ्यास, कामं करताना पंचवीस वर्षांत जे कानावर पडलं, तेवढंच.

"अण्णा, ते चुकून आलं तोंडात."

"चुकलीसच," अण्णा म्हणाले. "जोड अर्धी टाकलीस. पाठ मध्येच सोडायचा नसतो."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं, काउंटरपाशी एका स्टुलावर ताठ बसले, आणि दुसरं स्टूल ओढून आपल्या समोर ठेवलं.

"बस इथे. पहिल्यापासून म्हण."