माझे रंग दुसऱ्याच्या पंखांवर

टेबलावरच्या पावाच्या चुऱ्यात मी उभा आहे आणि कुणीही बोलत नाही. एन्कार्नाने माझा उजवा पाय दोन बोटांत धरून त्यातले कडे बापाच्या बाजूला वळवले आहे. बाप खिडकीबाहेर पाहतो आहे. कॉफीवर साय धरली आहे. बाहेर लिंबाच्या झाडांवरून एक तरणा नर उडतो आहे. त्याच्या पंखांवर शेंदरी, पिवळा आणि हिरवा असे पट्टे आहेत. ते पट्टे माझे आहेत.

मित्रांनो, मी एक जुने कबूतर आहे. एके काळी रंगवलेले, आता नुसतेच करडे. या शांततेचा अर्थ कळायला हवा असेल, तर माझे आयुष्य ऐकावे लागेल. ते काही फार मोठे नाही.

मुर्सिया प्रांतातल्या लिंबांच्या मळ्यांत, एवारिस्तोच्या गच्चीवरच्या ढाबळीत मी जन्मलो. धड पिसेही फुटली नव्हती तेव्हा त्याच्या मुलीने, याच एन्कार्नाने, हे कडे माझ्या पायात सरकवले. तिचा हात नवखा होता. माझे एक बोट मुरगळले आणि कायमचे वाकडे राहिले. एवारिस्तोने माझे नाव फारोल ठेवले. फारोल म्हणजे कंदील. मला भिंतीतला एक लाकडी खण मिळाला. नराला त्याचा खण म्हणजे सारे जग. एवढे आकाश पालथे घालून त्याला अखेर त्याच काळोख्या चौकोनात परतायचे असते.

पंख भरले, तसे एवारिस्तोने मला मांडीवर घेतले. पंख पंख्यासारखा उलगडून त्याने एकेक पीस रंगवले. रंगाला उग्र वास होता. चोच लावली तर तोंड कडू होई. पण त्याचा श्वास माझ्या मानेवर होता, आणि त्याची खडबडीत बोटे इतकी हळुवार पुन्हा कधी झाली नाहीत. प्रेम म्हणजे हेच असावे, असे मला वाटले.

आमच्याकडे रंग नटवण्यासाठी लावत नाहीत. शेपटीला पांढरे पीस बांधलेली एक मादी सोडतात आणि तिच्यामागे साऱ्या गावाचे नर. जो तिच्या निकट अधिक वेळ टिकेल, तो जिंकतो. खाली माना उंच करून उभे असलेले पंच आम्हाला ओळखतात ते रंगांवरून. आकाशात मी म्हणजे ते पट्टे. बाकी मी कुणीच नव्हतो.

मी जिंकत गेलो. लोक गच्चीखाली थांबून माझ्याकडे बोट दाखवीत. शेजारचा कासिमिरो, ज्याचे नर नेहमी माझ्या मागे पडत, तोही मान डोलवी.

"काय चिवट गडी आहे रे! मी बायकोच्या मागे एवढा लागलो असतो, तर ती अजून नांदत असती."

"तुझ्या मागे पांढरं पीस बांधलं, तरी कुणी लागायचं नाही," एवारिस्तो म्हणे. दोघेही हसत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका सामन्यात पंचांची नजर चुकली. कासिमिरोच्या नराचे रंग माझ्यासारखेच होते. मादीजवळ टिकलो मी आणि वेळ नोंदला गेला त्याच्या नावावर.

"पंचांना कशाला बोल लावतोस?" कासिमिरो साऱ्यांसमोर म्हणाला. "तुझाच कंदील काजळलाय, एवारिस्तो. जरा वात वर कर."

हे वाक्य एवारिस्तोच्या छातीत रुतून बसले. अंतिम सामन्याच्या दिवशी त्याने नेहमीचे रंग बाजूला ठेवले आणि फाटकासाठी आणलेल्या तैलरंगाचे डबे उघडले.

"बाबा, हा फाटकाचा रंग आहे," एन्कार्ना म्हणाली. "पिसं चिकटतील त्याची."

"लांबून दिसला पाहिजे. दिसलाच नाही, तर उडून करायचंय काय?"

मी दिसलो. आकाशात माझ्याइतके झळझळीत दुसरे काहीच नव्हते. पण पिसे एकमेकांना चिकटून लाकडाच्या फळीसारखी झाली होती. हवा त्यांच्यात ठरेना. मादी उजवीकडे वळली, थवा वळला. मी मात्र सरळ खाली लिंबाच्या बागेतल्या पाटात कोसळलो.

एवारिस्तो धावत पाटाच्या काठाशी आला. सामना चालू असता मालकाने पाखराला हात लावला, तर ते बाद होते. म्हणून तो थांबला असेल, असे मी स्वतःला अजूनही सांगतो. आमची नजरानजर झाली. त्याने माझे ते दगड झालेले पंख पाहिले. इतक्यात झाडांपलीकडून कासिमिरोची हाक आली.

"काय रे, विझला का कंदील?"

"ससाण्यानं नेला," एवारिस्तो म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला.

शिट्टी झाली, सामना संपला, माणसे पांगली. आता नियम आड येत नव्हता. तो आला नाही.

मी कसाबसा काठावर चढलो. वसंत गेला, उन्हाळा आला. मी जमिनीवर चालत जगलो, फळांच्या खोक्यांमागे दडत, मांजरांना चुकवत. मग पिसे झडू लागली. एकेक रंगीत पीस धुळीत पडे, आणि वाटे की कुणीतरी माझे नाव एकेक अक्षराने पुसते आहे. नवी करडी पिसे फुटली. ती हलकी होती. मी उडालो आणि, दुसरे काही ठाऊकच नसल्यामुळे, घरी आलो.

माझ्या खणात दुसरा नर होता. एवारिस्तोने माझ्यावर काठी उगारली. "हूश! कुठून येतात ही भटकी!" काठी चुकवत मी जिन्यावर पडलो, तेव्हा एन्कार्नाने मला ओंजळीत उचलले आणि या टेबलावर आणून ठेवले.

मित्रांनो, पाखरू पाळाल, तर त्याला रंगाविना ओळखायला शिका. सांगण्यासारखे माझ्यापाशी एवढेच आहे; आणि तेही माझ्या काही कामाचे नाही.

"कडं बघा, बाबा," एन्कार्ना आता म्हणते आहे.

"कडी काय, सगळ्यांच्याच पायात असतात."

"आणि हे वाकडं बोट?"

तो कॉफीचा पेला उगाच फिरवतो.

"ससाणा तुम्ही खरंच पाहिला होतात?" तिचा आवाज अगदी खाली गेला आहे. "की हा कुठे पडलाय, ते पाहिलं होतंत?"

एवारिस्तो उठतो. खिडकीतली रंगांची पेटी काखेत मारतो. क्षणभर त्याचा हात माझ्या पाठीवर येऊन अधांतरी थांबतो. त्या बोटांवर ताजा शेंदरी रंग आहे. मग तो हात मागे घेतो आणि गच्चीचा जिना चढून जातो.