स्टुलाच्या चार खुणा

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो. बत्तीस इंची, काळ्या चौकटीचा, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असलेला. तो ठिपका म्हणजे माझी जन्मखूण. पडद्यावर समुद्र असो की आग, तो आपला हिरवाच राहतो. कारखान्यात हातमोजे घातलेली एक मुलगी डोळ्यांत तेल घालून प्रत्येक टीव्ही तपासायची. तिने मला आधी सगळा लाल केला, मग निळा, मग पांढरा. हिरव्या ठिपक्यापाशी येऊन ती थांबली, मान वाकडी करून बघितलं आणि "एवढा चालतो" म्हणून मला पुढे ढकललं. माझ्याबद्दल कोणी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. 'एवढा' म्हणजे केवढा, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि प्रश्न पडायची खोड तेव्हापासूनच लागली.

टीव्हीला दिसत नाही असा तुमचा समज असेल, तर तो सोडा. घरातली माणसं तासन् तास माझ्याकडे बघत बसतात. मग मी काय भिंतीकडे बघत बसू?

मला विकत घेतलं ते पाट्या रंगवणाऱ्या एका गृहस्थांनी. सगळी गल्ली त्यांना पेंटर म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. अक्षर काढलं की चार पावलं मागे जायचं, डोळे बारीक करायचे आणि लांबून वाचून बघायचं, ही त्यांची कामाची रीत. "जवळून कोणीही वाचेल. लांबून वाचता आली तर ती पाटी," असं ते म्हणतात. मला भिंतीवर टांगलं तेव्हाही ते तसेच मागे मागे गेले आणि सोफ्याला अडखळून त्यातच बसले. तेव्हापासून सोफा माझ्यासमोर अकरा फुटांवरच राहिला.

ती वर्षं मोठ्या कौतुकाची होती. शेजारीपाजारी सामने बघायला यायचे. पेंटर बातम्या बघायचे ते बातम्यांसाठी नाही, खालून सरकणाऱ्या पट्टीतल्या अक्षरांना नावं ठेवण्यासाठी. "ही अक्षरं बघ, उभी आहेत की आडवी पडलीत?" असं ते लेकीला विचारायचे. लेक तेव्हा शाळेत होती. माझ्यासमोर पोटावर पालथं पडून ती गृहपाठ करायची आणि मधूनच त्या हिरव्या ठिपक्याला बोट लावून बघायची.

मग लेक मोठी झाली आणि एका व्हिडिओ संकलनाच्या दुकानात लागली. तिथे ती दिवसभर लोकांचे चेहरे मोठे करून बघते. संध्याकाळी घरी आली की तिला मी बघवेना.

"बाबा, याच्यात केस केसासारखे दिसत नाहीत. नुसता लगदा दिसतो," ती म्हणायची.

"मला तर चांगले दिसतात."

"तुम्ही बातम्या देणाऱ्याचे केस कधी बघितलेत?"

एके दिवशी ती एक गुळगुळीत कागद घेऊन आली. त्यावर एका भल्यामोठ्या टीव्हीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, जवळजवळ त्र्याऐंशी लाख ठिपके. माझ्याकडे साडेदहा लाख आहेत, तेही हिरवा धरून. आता आपली भिंत गेली, असं मला वाटलं. पण खरं सांगू, भीतीच्या बरोबरीने कुतूहलही वाटलं. इतक्या ठिपक्यांत तो दाखवत काय असेल? माझ्याकडून काय काय सुटत असेल? जे सुटतं ते मला कळणार तरी कसं?

माझं दुसरं एक कोडं याहून जुनं होतं. ते होतं आईचं. आई म्हणजे पेंटरांची बायको. ती इस्पितळातल्या चौकशीच्या खिडकीत बसते. कुठला विभाग कुठे, कोणता डॉक्टर कधी, सगळं तिला पाठ. काचेपलीकडून एकाच वेळी चारजण बोलतात आणि ती चौघांनाही वाटेला लावते. दुपारी दोनला ती घरी येते. गेली दोन वर्षं ती एक गोष्ट न चुकता करत होती. पिशवी खुंटीला लावायची, स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणायचं, माझ्यासमोर तीन फुटांवर ठेवायचं, बातम्या लावायच्या आणि माझा आवाज बंद करायचा.

का बरं? माझा आवाज खराब झाला म्हणावं, तर संध्याकाळी लेक तोच आवाज ऐकत होती. डोकं दुखतं म्हणावं, तर एवढ्या जवळ बसून कोण बघेल? मला अपमान वाटायचा. त्यात ती बातम्या देणाऱ्या बाईकडे टक लावून बघायची आणि आपलेही ओठ हलवायची. मधूनच क्षणभर आवाज सुरू करून कान माझ्याजवळ आणायची, मान डोलवायची, की पुन्हा बंद. बाई लांब उभी दिसली की मात्र आईच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्यात माझा नाइलाज होता. लांबच्या माणसाचं तोंड माझ्याकडे जेमतेम चार-पाच ठिपक्यांचं असतं. तेवढ्यात मी काय काय दाखवणार? लेक यायच्या आत स्टूल स्वयंपाकघरात परत गेलेलं असायचं.

शेवटी एका रविवारी सकाळी निकाल लावायचा ठरलं. लेकीने तो गुळगुळीत कागद पुढे केला. पेंटरांनी तो बाजूला ठेवला आणि सर्वांत बारीक कुंचला काढून पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या रेघा मारल्या. एक रेघ, तेवढीच फट, पुन्हा रेघ. पुठ्ठा माझ्या पडद्यावर चिकटवून त्यांनी लेकीला सोफ्यावर बसवलं.

"काय दिसतंय?"

"राखाडी चौकोन."

"रेघा आहेत त्या. चांगल्या पंचवीस-तीस. इथून तुला रेघा वेगळ्या दिसत नाहीत, तर तुझे ते आठपट ठिपके कोण मोजणार?"

लेक उठून जवळ आली, रेघा बघितल्या, परत जाऊन बसली. बाप चुकला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"पण मोठा तरी असेल ना तो."

"त्याला भिंत कुठाय? कपाट हलवावं लागेल. आणि कपाट हलवायचं म्हणजे माझी कंबर."

"आई, तुला काय वाटतं?" लेकीने विचारलं. आई खिडकीपाशी पाठमोरी उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होती. पुढचा कपडा घ्यायला तिने मान वळवली, लेकीकडे बघितलं आणि पुन्हा घडीला लागली.

"जाऊ दे. ती बघते कुठे टीव्ही," पेंटर म्हणाले.

म्हणजे नवा टीव्ही येणार नव्हता. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच मला स्वतःची लाज वाटली. या घरात मला सर्वांत जास्त बघणारं माणूस कोण, ते फक्त मला माहीत होतं. पण मला सांगता येत नाही, मित्रांनो. मला फक्त दाखवता येतं, तेही दुसऱ्याने पाठवलेलं.

हरलेली माणसं बारीकसारीक गोष्टींवरून हुज्जत घालतात, तशी लेक म्हणाली, "आणि अकरा फूट नाहीच आहे हे. दहा असेल."

पेंटरांना मापाबद्दल शंका घेतलेली सहन होत नाही. त्यांनी तडक फीत काढली, तिचं टोक माझ्याखाली भिंतीला लावलं आणि ओणवे होऊन ती जमिनीवर सोफ्याकडे नेऊ लागले. तीन फुटांवर ते थांबले. ही जमीन त्यांनी स्वतः लाल तेलरंगाने रंगवली आहे. तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा त्यांना ठाऊक. तिथे रंग उडालेल्या चार गोल खुणा होत्या, चौकोनात मांडल्यासारख्या.

"इथे स्टूल कोण ठेवतं?"

"मी नाही," लेक म्हणाली.

"अगं," त्यांनी बायकोला हाक मारली. पुन्हा मारली. ती घड्या घालत राहिली. पेंटर उठले, फीत तशीच सोडली, आणि तिच्या समोर जाऊन उभे राहिले. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. आई त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती.

"तिथे स्टूल तू ठेवतेस?"

तिने हातातला कपडा ठेवला, स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, चार पाय चार खुणांवर टेकवले, माझ्यावरचा पुठ्ठा सोडवला आणि बातम्या लावून आवाज बंद केला.

"ही काय म्हणतेय, सांगा," ती म्हणाली.

पेंटर आणि लेक दोघंही वाकून बघू लागले. लेक म्हणाली, पाऊस. पेंटर म्हणाले, निवडणूक असावी.

"उद्या सकाळी शहराच्या उत्तर भागात पाणी येणार नाही, असं म्हणतेय," आई म्हणाली. थोड्या वेळाने खालच्या पट्टीत तेच वाक्य अक्षरशः तसंच सरकत गेलं. पेंटरांनी त्या अक्षरांना नावं ठेवली नाहीत.

"डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला," आई सांगू लागली. "उजवा चाललाय. काचेपलीकडची माणसं काय बोलतात ते मी ओठांवरून ओळखते. इथे सराव करते."

"आई, सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर खिडकी गेली असती माझी. आणि घरात तुम्ही मला काही विचारणंच सोडून दिलं असतं." ती पेंटरांकडे वळली. "मघाशी काहीतरी विचारलंत ना? हिच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण तुम्ही थांबलात कुठे?"

लेकीचे डोळे भरून आले. ती खाली बसली आणि आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून राहिली. पेंटरांनी तो रेघांचा पुठ्ठा हातात घेतला, तीन फुटांवर धरला आणि बराच वेळ बघितला. मग बायकोच्या समोर येऊन, सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाले, "इथून रेघा दिसतात. मी सोफ्यावरून मोजलं. स्टुलावरून मोजायचं राहिलं."

त्याच आठवड्यात तिघं कानाच्या डॉक्टरांकडे गेली आणि आईच्या कानात बोटाच्या पेराएवढं यंत्र आलं. इस्पितळातल्या वरिष्ठांना तिने स्वतःच सगळं सांगितलं. तिची खिडकी तिच्याकडेच राहिली. काचेतलं बोलायचं भोक जरा मोठं केलं, एवढंच. यंत्र असलं तरी ओठ लागतातच, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून पेंटरांनी कमरेला पट्टा बांधून कपाट हलवलं.

नवा टीव्ही आला तेव्हा मला समोरच्या खुर्चीवर ठेवलं होतं, त्यामुळे मला तो समोरून दिसला. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण मग तीच बातम्या देणारी बाई त्याच्यावर आली आणि मी हेवा विसरलो. तिच्या वरच्या ओठावर एक तीळ होता. इतकी वर्षं मी तिला रोज दाखवत आलो, आणि मलाच तो माहीत नव्हता.

आता मी पेंटरांच्या पाट्यांच्या दुकानात असतो, रंगाच्या डब्यांच्या वर. मला कोरड्या, मऊ फडक्याने पुसतात. तुमच्या घरच्या टीव्हीलाही तसंच पुसा, पडद्यावर थेट पाणी मारू नका, आणि नवा घ्यायचा असेल तर जरूर घ्या. आम्हाला राग येत नाही. पण मोजायला बसाल तेव्हा नुसत्या सोफ्यावरून मोजू नका. घरातल्या प्रत्येकाला विचारा, त्याच्या समोर जाऊन विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

परवा दुपारी आई दुकानात आली. इथेही एक स्टूल आहे, त्यावर ती बसली. सवयीने तिचा हात रिमोटकडे गेला आणि माझा आवाज बंद झाला. मग ती स्वतःशीच हसली, आवाज पुन्हा सुरू केला, रिमोट ठेवून दिला आणि एक मासिक उघडलं. पेंटर आत पाटीवर अक्षर काढत होते. दोन मिनिटं ऐकून झाल्यावर तिने हातातल्या मासिकावरून नजरही न उचलता त्यांना सांगितलं, "अहो, याचा आवाज जरा कमी करा."