वेणीभर दोर

माझ्या नवऱ्याला, ऑस्गारला, केसांचा भारी सोस. दरबारातले सरदार कमरेपर्यंत केस वाढवतात म्हणून यानेही वाढवले. वेणी घालून नांगरामागे चालायचा मेला! मला आवडायचे ते केस, खोटं कशाला बोलू.

आमच्या राजाचं भावाशी भांडण, सरदारांशी भांडण, बिशपांशी भांडण. जीव काय तो हरणांवर; त्याच्या रानातलं हरण मारलं की फाशीच. रानात एक हरण मेलेलं सापडलं आणि रानाचा अंमलदार सेर्लो आमच्या दारात हजर. ऑस्गारने शपथेवर नाही म्हटलं. खरंच नव्हतं मारलं त्याने. कोंबडी कापायची तरी मला हाक मारायचा. पण गरिबाच्या शपथेला कोण विचारतो?

सेर्लो म्हणाला, "पाण्यालाच विचारू."

पाण्याचा न्याय म्हणजे हातपाय आवळून, कमरेला दोर बांधून माणसाला डोहात सोडायचं. त्याच्या केसांच्या लांबीइतक्या अंतरावर दोराला गाठ मारायची. गाठ पाण्याखाली गेली तर माणूस निर्दोष. वर राहिली तर फास.

केस आखूड तर गाठ जवळ, एवढं गणित मलाही येतं. त्या सकाळी मेंढ्यांची कातर घेतली आणि मानेपासून वेणी छाटली. ऑस्गार रडला. म्हटलं, "गप बस. डोकं राहिलं तर केस येतील."

वेणी चुलीत टाकायला गेले, हात होईना. पोलक्यात खुपसली.

डोहावर सेर्लोने ऑस्गारची मान पाहिली. "वा रे वा! देवालाच टोपी घालताय? केस कुठायत?"

"जाळले," मी म्हणाले.

पाद्री वुल्मारने नुकतंच पाणी मंतरलं होतं. तो म्हणाला, "गुनहिल्ड, या पाण्यापुढे खोटं बोलू नकोस गं."

सेर्लोच्या माणसाने सगळ्यांदेखत माझ्या पोलक्यात हात घातला. वेणी निघाली. लोक हसले, माझी सख्खी जाऊसुद्धा. त्याच वेणीने दोर मापला.

ऑस्गारला सोडला. तो दिसेनासा झाला, दोर सरकला आणि थांबला. गाठ पाण्यावर चार बोटं. चूल पेटलेली होती गं बये, पेटलेली होती!

वर काढला तेव्हा त्याचे गुडघे चिखलाने माखलेले. मी ओरडले, "अहो, तळाला टेकला तो! याच्या खाली कुठे जाणार माणूस?"

वुल्मारने मान फिरवली. सेर्लो म्हणाला, "मला गाठ दिसते, बाई. गाठ वर आहे." आणि त्याने माणसांना ओकच्या झाडाकडे बोट दाखवलं.

ऑस्गारच्या कानांत पाणी गेलेलं. त्याला यातलं काही ऐकूच आलं नव्हतं. खोकत होता, हसत होता.

"बुडालो ना गं? पार तळाला गेलो! बुडालो ना?"

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "हो रे राजा," म्हटलं, "चांगला बुडालास."

झाडापर्यंत तो हसतच गेला.