रुक्माच्या हातची पारी

मित्रांनो, मी एक जुने लाटणे आहे. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा चंपत सुताराने उरलेल्या सागाच्या तुकड्यातून मला घडवले आणि बायकोला, रुक्माला दिले.

रुक्मा रशियन इंजिनियरांच्या मेसमध्ये भांडी घासायची. तिथे पिरोग बनत असे. पिरोग म्हणजे दोन पाऱ्यांमध्ये कोबी-बटाट्याचे सारण भरून भट्टीत भाजलेली भली मोठी करंजीच. मुख्य आचारी जानराव. त्याची पारी नेहमी फाटायची. एकदा रुक्माने मला घरून आणून ती लाटली. मैदा, लोणी, थंडगार पाणी. खालची पारी सारण पेलते, वरची त्याची वाफ कोंडून धरते आणि जाड काठ कामावरच्या माणसाला हातात धरायला होतो. साहेब खूश झाले. शाबासकी जानरावने घेतली, पारी मात्र रोज रुक्माच लाटू लागली.

मग एप्रिलमध्ये निळ्या झेंड्याच्या मिरवणुकीत जानरावला रुक्मा दिसली. दुसऱ्या सकाळी त्याने तिच्या हातातून मला हिसकावले.

"जात कावून लपवली?"

"इचारली कोनं? सा महिन्यापासून माह्या हातचं खाऊन राहिले तुमी. मेले का?"

त्याने मला तिच्या मनगटावर हाणले. मित्रांनो, कणीक दाबली की पसरते. हाड मोडते. तो आवाज माझ्या अंगातून गेला. दुसरा घाव कपाळावर बसला. मैदा लाल झाला. तिसऱ्यांदा त्याने मला उचलले, तेव्हा रुक्माने डाव्या हाताने मला धरले, ओढले आणि त्याच्या गुडघ्यावर घातले. जानराव ओरडत कोसळला.

भांडी घासणारी म्हातारी सिंधुताई मध्ये येऊन उभी राहिली. "आता उठून त दाखव!"

त्या दिवशी मेसमधल्या एकाही बाईने चूल पेटवली नाही. मेसवाल्या ठेकेदाराने मात्र जानराव आणि रुक्मा, दोघांनाही काढून टाकले.

रुक्माचे मनगट वाकडेच राहिले. तिने सेक्टर दोनजवळ टपरी टाकली, डाव्या हाताने लाटायला शिकली. पहिल्या पाऱ्या वेड्यावाकड्या होत्या. चंपत म्हणाला, "होऊ दे. फाटून त नाही राहिल्या." वेल्डर, गवंडी, सगळे येऊन तेच पिरोग खात. कोणी जात विचारली, तर रुक्मा त्याची ताटली उचलून घ्यायची.

आता तिची लेक शालू मला धुऊन, पुसून ठेवते. रक्ताने भिजलेला मैदा त्याच दिवशी फेकला गेला. माझ्यातला तो आवाज गेला नाही. म्हणून मित्रांनो, एवढेच मागते: मला उचलाल, तेव्हा माझ्याखाली फक्त पीठ असू द्या.