एकाहत्तर टक्के

"तुमचं काम एकाहत्तर टक्केच बरोबर निघालंय, मॅडम," फोनवरचा माणूस हिंदीत म्हणाला. "करारात नव्वद लिहिलंय. आज सहा हजार आठशे भरा, नाहीतर केस."

अंबूताईंच्या कानशिलातली शीर ताडताड उडू लागली. धारवाडला मुकुंदराव वकिलांकडे त्यांनी एकतीस वर्षं टायपिंग केलं होतं. त्यांनी टाइप केलेला कागद मुकुंदराव न वाचता सही करत. आणि आज हा कोण कुठला त्यांना मार्क देत होता.

"चुका दाखव. कुठलं पान, कुठली ओळ?"

"ते कॉम्प्युटर ठरवतो."

"मग कॉम्प्युटरला फोन दे."

त्यानं फोन ठेवला. पाच मिनिटांत व्हॉट्सअॅपवर नोटीस आली. वर अशोकस्तंभ, खाली लाल शिक्का: 'जिल्हा उच्च न्यायालय'. अंबूताईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. असं न्यायालय देशात कुठंही नाही. केसचा नंबर नाही, वकिलाचा पत्ता नाही, आणि दंड भरायचा तो कुणाच्या तरी मोबाइल नंबरवर. म्हणजे घरबसल्या टायपिंगचं काम हे नुसतं आमिष होतं. पुसट पानं टाइप करून घ्यायची, चुका निघाल्या म्हणायचं आणि कोर्टाच्या नावानं घाबरवायचं. सात दिवस पाठ मोडून त्यांनी केलेली पाचशे पानं कुणी उघडूनसुद्धा पाहिली नसणार. याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप आला.

मग दीपश्री आठवली, आणि त्या तशाच जिना उतरून गेल्या.

उणकलच्या या नव्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या दीपश्रीला हे काम त्यांनीच सांगितलं होतं. 'आधी पैसे मागत नाहीत, म्हणजे खरं असणार,' असंही त्याच म्हणाल्या होत्या.

दीपश्री कणीक मळत होती. फोनवरची नोटीस बघून ती कणकेच्या हातांनीच खाली बसली.

"मला परवाच आली, अक्का. मी भरले. मग केस मागं घ्यायची फी म्हणाले. तीबी भरली."

"मला का नाही सांगितलंस ग?"

"तुमचं काम बिनचूक असतंय. मला वाटलं, माझ्याच चुका झाल्या."

अंबूताईंना समोरचं पातेलं उचलून भिंतीवर आपटावंसं वाटलं. त्यांनी ते केलं नाही.

"हात धू. आधी १९३० ला, ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी नंबरला, फोन लाव. ते मेसेज पुसू नकोस. मग ठाण्यात जायचंय."

"ह्यांना कळेल की."

"कळू दे. चोरी तू केलेली नाहीस."

ठाण्यातल्या हवालदारानं पावत्या बघितल्या आणि कानडीत म्हणाला, "लई उशीर केलात. पैसे पुढं गेले असतील."

"उशीर हिनं केला नाही," अंबूताईंचा आवाज इतका चढला की बाकावरची माणसं वळून बघू लागली. "कोर्टाचा खोटा शिक्का दाखवून हिचं तोंड दोन दिवस बंद ठेवलं. तेही लिहा."

हवालदारानं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते लिहिलं.

संध्याकाळी दाजीबानपेठेतल्या कापडाच्या दुकानातून दीपश्रीचा नवरा महेश घरी आला, तेव्हा अंबूताई दीपश्रीच्या घरीच होत्या. दीपश्रीनं तक्रारीचा कागद त्याच्यापुढं ठेवला. मग अंबूताईंनीच सगळं सांगितलं, काम आपण दाखवलं इथपासून.

महेशनं तो कागद उचलून वाचला. ओरडला नाही.

"तिला कोर्टातलं काय कळतंय, अक्का?" तो म्हणाला. "पण तुम्ही तर जन्मभर त्यातच होता."

"हो," अंबूताई म्हणाल्या.

दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. बसा असं कुणी म्हणालं नाही. पण त्या लगेच निघाल्याही नाहीत.