हलकी झालेली पेटी

मित्रांनो, मी सागवानी पेटी आहे. जुनी आहे, पण कुणी मोडकी म्हटले, तर मी खपवून घेणार नाही. कमरोद्दीन मिस्त्रींनी मला येथील एका अध्यापक महाविद्यालयासाठी घडवले, तेव्हा हे शहर औरंगाबाद होते. इंग्रजीचे कितीतरी भावी शिक्षक माझ्यादेखत तयार झाले. सराव पाठांसाठी ते मला गोष्टींच्या पुस्तकांनी भरून फुलंब्रीच्या शाळेत नेत. दोघांनाही मी उचलवत नसे. त्या वजनाचा मला अभिमान होता.

यंदा या भावी शिक्षकांपैकी शाइस्ताने तिथल्या आठवीच्या मुलींना एक गोष्ट अर्ध्यापर्यंत वाचून दाखवली. त्या गोष्टीतली मुलगी शिकण्यासाठी वडिलांशी भांडून घर सोडते.

"म्याडम, ती परत येती का?" मुलींनी विचारले.

"पुढच्या पाठाला सांगते," शाइस्ता म्हणाली.

त्यानंतर त्या शाळेचे मुख्याध्यापक अप्पाराव सर महाविद्यालयात आले. "पुस्तकं तुम्हीच निवडा," ते हसून म्हणाले, "फक्त कुणाच्या भावना दुखायला नकोत." एवढेच. बंदी त्यांनी कशावरही घातली नाही.

ते गेले आणि माझे झाकण उघडले गेले.

"शाइस्ता, हे तुमच्या लोकांना लागंल," म्हणत तिच्या वर्गातल्या शिवराजने एक पुस्तक काढले. शाइस्ताने त्याच्या लोकांसाठी दुसरे काढले. त्यांच्याच वर्गातल्या सायलीने देवाचे काढले, मग भुताचेही.

"भुताच्या भावना दुखतात व्हय गं?" शिवराजने टोमणा मारला.

"भुताच्या नाय, पालकांच्या! पाठाचे गुण गेले तर तू देशील व्हय?"

सगळे हसले. आपण फार समंजस आहोत, असे त्यांना खरोखर वाटत होते. शेवटी सर्वांचे डोळे शाइस्ताच्या गोष्टीवर खिळले. ते पुस्तक तिने स्वतःच्या हाताने काढले.

दुसऱ्या दिवशी सायलीने मला एकटीने उचलून नेले.

"म्याडम, आली का ती परत?" मुलींनी विचारले.

"आज आपण व्याकरण घेऊ," शाइस्ता म्हणाली.

मुलींनी निमूट वह्या उघडल्या. पुन्हा कुणीही विचारले नाही. त्या निमूटपणाची मला धास्ती वाटली.

मित्रांनो, मोठ्यांचे ऐका, असेच मी जन्मभर सांगत आले. आज वेगळे सांगते आणि ते नीट ऐका. पुस्तक दिसेनासे झाले, की ते कुठे गेले, असे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा, आणि उशीर करू नका. माझ्यात आता व्याकरणाशेजारी एक शब्दकोश तेवढा उरला आहे. आणि काल शिवराज हातात काळे पेन घेऊन तो चाळत होता.